वाट सांगणारा, दाखवणारा, पोचवणारा

आठवीत असताना इंग्रजीच्या सरांनी एकदा फळ्यावर चार शब्द लिहिले : शो, डायरेक्ट, लीड आणि गाइड. म्हणाले, यांचे मराठी अर्थ वहीत लिहा. आम्ही तीस-पस्तीस पोरांनी चारही शब्दांपुढे एकच अर्थ लिहिला, ‘वाट दाखवणे’. गाइडातही तसेच होते. (हे गाइड म्हणजे परीक्षेचे. वर्गात ते दोघांकडेच होते, बाकीचे सगळे त्या दोघांच्या मागून चालत.)

सरांनी कुणाला छडी लावली नाही. खिडकीबाहेर बोट करून म्हणाले, ‘‘समजा, एखाद्या परक्या माणसाने तुम्हाला इंदापूरची वाट विचारली. ओट्यावर बसल्या बसल्या बोट केलेत, ते शो. ‘वडापाशी डावीकडे वळा, ओढा लागेल, ओढ्यापलीकडे देऊळ’ असे सांगितलेत, ते डायरेक्ट. त्याच्या पुढे चालू लागलात आणि तो तुमच्या मागून आला, ते लीड. आणि बरोबर राहून कुठे खड्डा आहे, कुठे प्यायला पाणी मिळेल, कुठे कुत्री अंगावर येतात हे सांगत नेलेत, तर ते गाइड.’’

आमची शाळा करमाळा तालुक्यात, उजनी धरणाच्या फुगवट्याकाठी वसलेल्या एका नव्या गावठाणात होती. इंदापूरची जुनी वाट त्या खिडकीतून खरेच दिसायची. दोन्ही बाजूंना बाभळी, मधे गाड्यांची चाकोरी, आणि दोन-तीनशे पावलांवर ती सरळ पाण्यात शिरायची. मागल्या बाकावरचा एक कोळ्याचा पोरगा उठला. म्हणाला, ‘‘सर, पर वाट तर बुडाली. मग आता ह्यातलं कंचं?’’ वर्ग हसला, सरही हसले. तेवढ्यात घंटा झाली आणि फळा पुसला गेला.

पुढे मी मराठी घेऊन बी.ए. झालो, कविता लिहू लागलो. पण त्या पोराचा प्रश्न मनातून गेला नाही. रेडिओवर बोलायचे ठरले तेव्हा कवितेवर बोला असे मला सुचवले गेले. मी म्हटले, कवितेवर बोलणारे पुष्कळ आहेत, मी आपला या चार क्रियापदांवर बोलतो. श्रोत्यांनी आणि आता वाचकांनी सांभाळून घ्यावे.

आधी या शब्दांचे कूळ पाहू. ‘शो’ हा इंग्रजीचा जुना, घरचा शब्द. गंमत म्हणजे जुन्या इंग्रजीत त्याचा अर्थ ‘पाहणे’ असा होता, ‘दाखवणे’ हा अर्थ मागाहून आला. आपले ‘दाखवणे’ही पाहण्याच्या धातूवरूनच आलेले. म्हणजे इथे सगळे काम डोळ्यांचे, पाय हलवायची गरज नाही. ‘लीड’ही जुना इंग्रजीच, त्याच्या मुळात जायला लावणे, चालवत नेणे आहे. ‘डायरेक्ट’ लॅटिनमधून आला. त्याच्या मुळाशी सरळ करणे असा अर्थ आहे, त्यामुळे हुकमाचा वास त्याला पहिल्यापासूनच. ‘गाइड’ फ्रेंचमार्गे आला, पण त्याचे मूळ पाहण्या-जाणण्याच्या धातूत, म्हणजे संस्कृतातल्या ‘विद्’चा तो चुलतभाऊ. ज्याला वाट ठाऊक आहे त्यानेच गाइड व्हावे, हे शब्दातच आले. आणि ‘कंडक्ट’ म्हणजे लॅटिनमध्ये बरोबर घेऊन जाणे.

ही क्रियापदे आपल्याकडे येताना नामे होऊन आली. गाइड पुस्तक झाले. ‘लीड’ मतमोजणीच्या दिवशी कळतो, अमक्याला तीन हजारांचा लीड. ‘डायरेक्टर’ म्हटले की मुंबईच्या माणसाला सिनेमा आठवत असेल; आमच्या सोलापूर जिल्ह्यात डायरेक्टर म्हणजे साखर कारखान्याचा, दुसरा कुठला नव्हे. एस.टी. १९४८ साली सुरू झाली आणि कंडक्टर गावोगाव पोचला. या साऱ्यांत मला तोच खरा वाटतो. तो बोट दाखवून मोकळा होत नाही, हुकूम सोडून घरी जात नाही. तुमच्याबरोबर धक्के खात शेवटच्या थांब्यापर्यंत येतो.

मग मराठीत हा फरक नाहीच का? आठवीतली आमची उत्तरे पाहून तसे वाटेल. पण मराठी हा फरक एका क्रियापदात कोंबत नाही, वाटेला निरनिराळी क्रियापदे जोडून तो करते. ‘वाट’ हा शब्द संस्कृत ‘वर्त्मन्’वरून घासत घासत आला. वाट सांगतात, वाट दाखवतात, वाट काढतात, वाट देतात, माणसाला वाटेला लावतात. एक अक्षर इकडचे तिकडे झाले की वाट लावतातही. पाहुण्याला वेशीपर्यंत पोचवायला जातात, तिला बोळवण म्हणतात. पंढरीच्या वाटेवर चोपदार तोंडाने काही बोलत नाही, चोप वर करतो आणि हजारोंचा गजर थांबतो. सरांच्या भाषेत ते डायरेक्ट. ‘नेणे’ या क्रियापदापासून ‘नेता’ झाला, जसा ‘लीड’पासून ‘लीडर’. जुन्या मराठीत मात्र ‘नेणे’ म्हणजे ‘न जाणणे’ही होते, आणि त्यावरून ‘नेणता’. नेता आणि नेणता शेजारी शेजारी कसे आले, यावर मी बोलत नाही. निवडणुका येत-जात असतात.

आमच्या घरात बोली दखनी. दादी सांगायची, ‘‘रस्ता बताना नै बेटा, रस्ते कू लगाना.’’ वाट नुसती दाखवू नये, माणसाला वाटेला लावावे. कुणी वाटसरू दारात आला तर ती मला त्याच्याबरोबर ओढ्यापर्यंत पिटाळायची. भर उन्हात मला त्याचा राग यायचा, हेही सांगून टाकतो.

मराठीतल्या या शब्दांची पहिली मोठी इंग्रजी नोंद ज्याने केली, त्याचे आमच्या जिल्ह्याशी नाते आहे. जेम्स टॉमस मोल्सवर्थ हा कंपनी सरकारच्या फौजेतला अधिकारी सोलापूरला असतानाच मराठी शब्द टिपू लागला. टॉमस आणि जॉर्ज हे कँडी बंधू आणि पंडितांचा ताफा यांच्या साह्याने १८३१ साली त्याचा मराठी-इंग्रजी कोश निघाला. १८५७ च्या दुसऱ्या आवृत्तीत सुमारे साठ हजार शब्द होते. त्यात ‘वाट’ या शब्दापुढे वाक्प्रचारांची रांग लागली आहे. उलट दिशेचा, म्हणजे इंग्रजी-मराठी कोश टॉमस कँडीने १८४७ मध्ये पुरा केला. त्या दिशेने जाताना खरी पंचाईत होते, कारण इंग्रजी शब्दाला बसणारे मराठी वाक्य मिळते, शब्द मिळत नाही. आम्हा आठवीच्या पोरांना पंडितांचा ताफा नव्हता, एवढाच काय तो फरक.

अशी पंचाईत इंग्रजांचीही झालेली आहे. नमाजात रोज म्हटल्या जाणाऱ्या अल्-फातिहात, कुराणाच्या पहिल्या अध्यायात, सरळ मार्गाची मागणी आहे. तिथले अरबी क्रियापद ‘हिदायत’ या शब्दाच्या घरातले. जॉर्ज सेलने १७३४ साली इंग्रजी भाषांतर करताना तिथे ‘डायरेक्ट’ घातले. रॉडवेलने १८६१ मध्ये ‘गाइड’ घेतले. मार्माड्यूक पिक्थॉल हा इंग्रज, मुंबईत ‘बॉम्बे क्रॉनिकल’चा संपादक होता, मग निजामाच्या नोकरीत हैदराबादला गेला; त्याने १९३० मध्ये ‘शो’ पसंत केले. १९५५ मध्ये आर्बेरी पुन्हा ‘गाइड’वर आला. मागणी एक, शब्द तीन. देवाकडे मागायचे काय? त्याने बोट दाखवावे, हुकूम द्यावा, की बरोबर चालावे?

लहानपणी मला अलिफ-बे शिकवणाऱ्या मौलवीसाहेबांना मी हे विचारले होते, तेव्हा मी कॉलेजात होतो आणि शहाणपणा फार होता. ते म्हणाले, हा वाद नवा नाही. जुन्या पंडितांनी हिदायतीचे दोन प्रकार केलेत. एक ‘इराअतुत्-तरीक’, म्हणजे वाट दाखवणे. दुसरा ‘ईसाल इलल्-मतलूब’, म्हणजे इच्छित ठिकाणी पोचवणे. पहिल्यात वाट दाखवूनही माणूस चुकू शकतो. दुसऱ्यात चुकायला जागा नाही, कारण दाखवणारा शेवटपर्यंत सोडत नाही. मला एकदम सरांचा फळा आठवला. चार शब्द असोत की चाळीस, त्यांच्यातला फरक एकाच गोष्टीचा : दाखवणारा किती लांब बरोबर येतो, आणि तुम्ही चुकलात तर दोष कुणाचा.

आता हाच प्रश्न घेऊन भीमेच्या काठी उतरतो. धरणाआधीच्या भीमेला जागोजागी ‘उतार’ होते. उतार म्हणजे नदी पायी ओलांडता येईल अशी जागा. ‘उतारू’ हा शब्दही त्याच घरातला. उतार पावसाळ्यात बदलतो, वाळू सरकते, म्हणून तो दाखवायला माहितगार लागायचा. पाणी चढले की भोपळ्यांची सांगड किंवा होडी. ही कामे कोळ्यांची. उतारूला मधे सोडता येत नाही, म्हणून कोळ्याच्या कामात दाखवणे आणि पोचवणे यांत फरकच उरत नाही.

जमिनीवर वाट दाखवणे मात्र दुसऱ्याच माणसाच्या माथी होते. सरकारी स्वारी आली की तिच्यापुढे शिवेपर्यंत चालायचे, ओझे वाहायचे, निरोप न्यायचे, वेस राखायची, ही कामे गावगाड्याने महार समाजावर टाकली होती. त्रिंबक नारायण आत्रे यांच्या १९१५ च्या ‘गावगाडा’ या पुस्तकात त्या व्यवस्थेचे तपशीलवार वर्णन आहे. इंग्रजीत लिहिणारे साहेब त्या माणसाला ‘गाइड’ म्हणत. त्याच्याइतकी वाट कुणालाच ठाऊक नव्हती, तेव्हा शब्द चुकीचा नव्हता. तो सगळ्यांच्या पुढे चालायचा, पण त्याला ‘लीड’ म्हणता येत नाही. लीडमध्ये मागचा पुढच्याचे ऐकतो. इथे पुढचा मागच्याच्या धाकात चालत होता, आणि ज्या गावाची वाट तो दाखवत होता त्या गावच्या पाणवठ्यावर त्याला जागा नव्हती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात दुरुस्तीचे विधेयक आणले ते या राबणुकीविरुद्ध. ही कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा त्यानंतर तीस वर्षांनी, १९५८ चा. ‘वाट दाखवणे’ हा शब्द मला लहानपणापासून गोड वाटत आलेला; हे वाचल्यावर तो तितका गोड राहिला नाही.

मग रेल्वे आली. पुण्याहून निघालेला जी.आय.पी.चा फाटा १८५८ मध्ये भीमेकाठच्या डिकसळपर्यंत पोचला, पुढच्या वर्षी बार्शी रोडला म्हणजे आजच्या कुर्डुवाडीला, आणि १८६० मध्ये सोलापूरला. मधल्या काही महिन्यांत डिकसळ हे शेवटचे स्टेशन होते. तिथे उतरून पुढची वाट विचारायची आणि बैलगाडी धरायची. एंजिनाला वाट विचारावी लागत नाही, रूळ नेतील तिकडे ते जाते. दिशा ठरते ती सांध्यावर, सांधेवाल्याच्या हातात. पण उजनीने रुळांनाही वाट बदलायला लावली. जुना मार्ग पाण्याच्या पट्ट्यात गेला आणि गाड्या नव्या मार्गाने वळल्या.

उजनीचे काम १९६९ च्या सुमारास सुरू झाले आणि १९८० मध्ये पुरे झाले. जलाशयाला यशवंतसागर नाव दिले. एकूण साठा सुमारे ११७ टीएमसी, त्यातला सुमारे ६३ टीएमसी मृतसाठा. म्हणून सोलापूरच्या बातम्यांत उन्हाळ्यात ‘उजनी उणे इतके टक्के’ असे येते. मृतसाठ्याच्या खाली पाणी गेले की उण्याची मोजणी सुरू. बाहेरगावच्या माणसाला उणे पाणी म्हणजे काय ते कळत नाही. आम्हाला नेमके कळते : उणे वाढले की आमची जुनी गावे वर येतात. पलसदेवच्या देवळाचे शिखर पाहायला पुण्याहून गाड्या येतात. आमच्या गावात शिखर नव्हते, म्हणून आमच्याकडे कुणी येत नाही.

पाणी चढले तेव्हा मी सात-आठ वर्षांचा. अब्बांनी घराची दारे, चौकटी, कडीपाट बैलगाडीत घातले. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा महाराष्ट्रात १९७६ साली झाला, तोवर धरणाचे काम सुरू होऊन बरीच वर्षे लोटली होती. भरपाईसाठी अब्बा एका कचेरीत खेटे घालायचे, मला बरोबर घ्यायचे. तिथे वाट सांगणाऱ्यांची कमतरता नव्हती. ‘त्या टेबलावर जा.’ ‘वरच्या मजल्यावर जा.’ ‘तलाठ्याकडून आणा.’ ‘पुढच्या सोमवारी या.’ प्रत्येक जण अगदी बरोबर दिशा दाखवायचा. एकदाच एक म्हातारा शिपाई स्टुलावरून उठला, अब्बांच्या हातातला कागद घेतला आणि त्यांच्याबरोबर दोन जिने चढून ज्याला भेटायचे त्याच्यापुढे त्यांना उभे करून आला. काम त्या दिवशीही झाले नाही. पण अब्बा त्या शिपायाची गोष्ट मरेपर्यंत सांगत होते.

संविधानात राज्याने कोणत्या दिशेने जावे हे सांगणारा एक भाग आहे. इंग्रजीत त्या तत्त्वांच्या नावात ‘डायरेक्ट’चा अंश आहे, मराठी शाळेत आपण त्यांना मार्गदर्शक तत्त्वे म्हणतो. संविधानाच्या ३७ व्या अनुच्छेदाप्रमाणे ती कोर्टातून बजावून घेता येत नाहीत. म्हणजे इंग्रजी नावाला हुकमाचा वास आणि आत मौलवीसाहेबांचा पहिला प्रकार. मराठी नाव जास्त प्रामाणिक म्हणायचे.

रस्ते बुडाल्यावर समोर दिसणारे इंदापूरचे गाव दूरचे झाले. रस्त्याने मोठा वळसा, पाण्यावरून जवळ. म्हणून लाँच सुरू झाल्या. माणसे, मोटारसायकली, बाजाराच्या पिशव्या, सगळे त्यातून. २१ मे २०२४ च्या संध्याकाळी कुगावहून कळाशीला निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली. एक जण पोहून काठाला लागला. सहा जण गेले, त्यांत दोन लहान मुले होती. नंतर कुगाव-शिरसोडी पुलाची चर्चा सगळ्या पेपरांत होती, पूल मंजूर झालेला आहे. चाळीस वर्षांपूर्वी बुडालेल्या वाटेची ती भरपाई. मधली चाळीस वर्षे त्या वाटेवर माणसे पोचवायची जबाबदारी कुणाची होती, हे मी अजून शोधतो आहे.

मागल्या बाकावरचा तो पोरगा आज माझ्याच वयाचा. मासेमारी करतो, आणि हिवाळ्यात भिगवणच्या बाजूला रोहित पक्षी बघायला येणाऱ्या पाहुण्यांना होडीतून फिरवतो. पाहुणे त्याला ‘गाइड’ म्हणतात. मी त्याला फळ्याची आठवण दिली. म्हणाला, ‘‘मंजी मीच व्हय रं ते?’’

त्या दुर्घटनेनंतर जूनच्या सुरुवातीला, पाऊस पडायच्या आत, मी त्याला म्हटले, आमचे कब्रस्तान उघडे पडले असेल तर घेऊन चल. माझी मुलगी बरोबर होती. तिच्या मोबाइलवर नकाशा होता. आम्ही भेगाळलेल्या गाळावरून चालत होतो आणि नकाशात आम्ही निळ्या पाण्याच्या मधोमध होतो. मोबाइलमधली बाई मागे वळा, मागे वळा म्हणत राहिली, तेव्हा मुलीने तिचा आवाज बंद केला.

तो काठीने गाळ चाचपत पुढे. वरून वाळलेला दिसणारा गाळ आत मऊ असतो, कमरेपर्यंत माणूस जातो. ‘‘माझ्या पावलावर पाऊल टाका. शाणपणा करू नका,’’ तो दर दहा पावलांवर मागे वळून म्हणायचा. जुनी वेस कुठे होती, पिठाची गिरणी कुठे, आमचे घर कुठे, सगळे त्याने दाखवले. मला काहीच ओळखू आले नाही. मग एका उंचवट्याशी थांबला. सहा-सात आडवे दगड होते, शेवाळ वाळून पांढरे झालेले.

‘‘हे तुमचं कब्रस्तान.’’

मी विचारले, ‘‘आजोबांची कबर यातली कोणती?’’

‘‘ते तुझ्या अब्बास्नी ठावं आसंल. म्या फकस्त हितवर आणू शकतो.’’

आम्ही तिथे उभे राहून फातिहा पढलो. तो काठी टेकून जरा लांब उभा राहिला. परतताना त्याने आम्हाला पुढे घातले आणि स्वतः मागून आला. वाट आमच्याच पावलांची होती, आणि त्या पावलांत आता पाणी झिरपायला लागले होते.